कलामंदिराचे उन्हाळी स्नेहसंमेलन

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या कलामंदिराने निधीसाठी स्नेहसंमेलन योजिले होते. कौले फुटलेली; पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे अगत्याचे. अंगणात पन्हे होते, मुलींची नाट्यगीते होती. फुकट पास मागणारे मात्र सुशिक्षितच अधिक! आम्हीही त्यांतलेच.

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. पुढे मुंबईतील त्याची इमारत कर्जापायी हातची गेली. हे आम्हीच वर्गात कितीदा तरी सांगितले असेल! त्या सायंकाळी वृद्ध गायनशिक्षकांना स्वतः पन्हे वाटताना पाहिले, आणि घोट काही घशाखाली उतरेना. उठून तिकिटाचे पैसे त्यांच्या हाती ठेविले. ते हसून म्हणाले, “गुरुजी, आता दुसरा पेला घ्या.”