परळची खोली, सड्यावरचं गाव

परळ-लालबागच्या जुन्या चाळीत कुणालाही विचारा, 'गाव कुठलं?' 'सातारा' असं मोघम उत्तर येतं. जरा खोदून विचारलं की कुणी जावळी सांगतं, कुणी पाटण. आणि मग हळूच पुढचं वाक्य येतं, 'आता तिथं कुणी राहत नाही हो, जंगल झालंय.'

जंगल झालंय म्हणजे नेमकं काय झालंय?

कोयनेच्या खोऱ्यातले गडी गिरणीत कामाला येत. एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली, जेवायला खानावळ, महिन्याला घरी मनीऑर्डर. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे तुम्ही वाचलं असेल. पण मनीऑर्डर ज्या दारात पोचायची, त्या दारातल्या बाईबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. डोंगरउतारावर नाचणी-वरी ती लावायची. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणामातीनं तीच सारवायची. हिरडा वेचायला रानात जायची तीच. रात्री गव्यांचा कळप शेतात शिरला तर डबा बडवायलाही तीच!

परळच्या एका चाळीतल्या आजी सांगत होत्या, 'गव्याला आम्ही भीत नव्हतो, त्याला वाट दिली की तो जातो. भ्या वाटायचं ते अस्वलाचं. करवंदाच्या जाळीत ते आधीच बसलेलं असतंय, आन् आपण टोपली घेऊन पुढं.' शेकरूचं नाव काढलं तर आजी हसल्या. झाडाच्या शेंड्याला काटक्यांची घरटी बांधणारी ही तांबूस मोठी खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे त्यांना नातवाच्या पुस्तकातून कळलं म्हणे.

मग एकामागून एक घाव बसले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाचं पाणी चढलं. शिवसागर जलाशयात खालची भातखाचरं गेली. काही कुटुंबं लांबच्या जिल्ह्यांत गेली, काही तिथंच डोंगरावर वर सरकली. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. पुढं तीनच वर्षांनी, 1985 मध्ये, कोयना अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 423 चौरस किलोमीटरचं. म्हणजे मुंबईचा पगार गेला आणि पाठोपाठ रानातल्या लाकूडफाट्यावर, गुरं चारण्यावर बंधनं आली. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यातल्या चांदोलीचंही तसंच. 2004 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

हे रान राखण्याजोगं आहे, यात मला शंका नाही. बिबट्या, सांबर, भेकर, कोळसुंदे, इवलंसं पिसोरी हरीण, धनेश, खवल्या मांजर, केवढी ही संपत्ती! आणि डोंगरमाथ्यावरचे ते जांभ्या दगडाचे सडे! उन्हाळ्यात तव्यासारखे तापतात, पावसाळ्यात त्यांच्यावरच फुलांचे गालिचे. साताऱ्याहून तास-दीड तासावरचं कास पठार हा असाच एक सडा, उंची साधारण 1200 मीटर. दगडावर मातीचा थर बोटभर, त्यात कस नाही, म्हणून तिथलं दवबिंदू नावाचं चिमुकलं झाड चिकट पानांवर किडे धरून पोट भरतं. 2012 साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारही ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली. वाघही परततो आहे. 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये कॅमेऱ्यात त्याचा फोटो मिळाला, आणि 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण इथं आणली गेली.

वाघिणीला नवं घर मिळालं, छान झालं. ज्यांनी घर सोडलं त्यांचं काय? धरण आणि अभयारण्यग्रस्तांनी 2018 साली कोयनानगरला कितीतरी दिवस ठिय्या दिला, त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. जमिनीच्या बदल्यात जमीन, ही साधी मागणी. यात बाईची गोची अशी, की सातबाऱ्यावर नाव बहुधा परळला राहणाऱ्या नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. शेत कसलं हिनं, कागद त्यांचा. आजींच्या धाकट्या जावेचं तेच झालं. नवरा वारला, वारसनोंद केलेली नव्हती, आणि ती वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या चढत राहिली. तुमच्याही माहेरची किंवा सासरची जमीन अशा भागात असेल, तर वारसनोंद झाली आहे का, हे या सुट्टीत जरूर बघून घ्या. भावाला राग येईल म्हणून थांबू नका.

आणि रान बघायला जायचं असेल तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठा. तिथं वनखात्याची परवानगी घेऊन लाँचनं वासोट्याच्या पायथ्याला जाता येतं. पावसाळ्यात बंद असतं, किल्ल्यावर मुक्कामाला मनाई आहे. त्या रानात फिरताना झाडीत कुठंतरी दगडी जोतं दिसेल, शेजारी एखादं म्हातारं आंब्याचं झाड. ते रानानं लावलेलं नाही.