कॅमेऱ्याचे मुखत्यारपत्र

हौशी छायाचित्रकाराला हमखास ऐकावा लागणारा आक्षेप असा की, संगणकावर संस्कार केलेले त्याचे चित्र ‘खरे’ नव्हे. आक्षेप घेणारे गृहस्थ स्वतःच्या फोनवर काढलेले छायाचित्र मात्र निःशंक मनाने जसेच्या तसे समजत असतात. ते पडद्यावर उमटण्यापूर्वी आभाळ किती निळे दाखवावे, सावली किती उजळावी, चेहऱ्यावरची कांती किती नितळ करावी, याविषयीचे अनेक निर्णय कुठल्याशा कारखान्यातील अभियंत्यांनी घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे परस्पर झालेले असतात, हे त्यांच्या गावीही नसते. वस्तुतः प्रत्येक डिजिटल छायाचित्र हा कोणीतरी दिलेला निवाडा असतो. आणि न वाचता सही केलेले मुखत्यारपत्र यंत्राकडून परत घेऊन तो निवाडा आपण स्वतः करणे, यातच, माझ्या मते, या छंदाची सारी गोडी आहे.

ही हौस आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, आणि तिच्या प्रारंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. चांदीच्या क्षारांनी बोटे काळी करून घेण्याचा तो जमाना सरणार, याची चाहूल १९७५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे लागली. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तेथे जुळवलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोंहून अधिक वजनाचा होता, आणि १०० गुणिले १०० ठिपक्यांचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. त्याचा डोळा म्हणजे सीसीडी ही चिप. तिची कल्पना बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना १९६९ साली सुचली होती, पण तिला नोबेल पारितोषिक मिळायला २००९ साल उजाडावे लागले.

आता या डोळ्याचे एक वैगुण्य सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा मामला त्यावरच उभा आहे. सेन्सर हा स्वभावतः वर्णांध असतो. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच त्याला कळते, तो कोणत्या रंगाचा होता हे कळत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी यावर काढलेल्या तोडग्याचे पेटंट १९७६ चे असून आजही बहुतेक कॅमेरे त्यावरच चालतात: प्रत्येक टिंबापुढे लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच बारीक काच बसवावयाची, आणि मानवी डोळ्याला उजेडाचे बारकावे मुख्यत्वे हिरव्यातून जाणवत असल्यामुळे हिरव्या काचा दुप्पट ठेवावयाच्या. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लक्ष टिंबांपैकी १ कोटी २० लक्ष केवळ हिरवा, ६० लक्ष केवळ लाल आणि ६० लक्ष केवळ निळा प्रकाश मोजतात. उरलेले दोन रंग प्रत्येक टिंबाने आपल्या शेजाऱ्यांच्या नोंदींवरून अनुमानाने भरून काढावयाचे. रंगीत डिजिटल चित्रातील दोन तृतीयांश मजकूर हा असा अंदाजाने भरलेला असतो, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. एरवी हा अंदाज आश्चर्य वाटावे इतका अचूक उतरतो. पण अगदी बारीक विणीचे वस्त्र नेमक्या अंतरावरून टिपले की वीण आणि टिंबांची जाळी यांचा मेळ बिघडतो, आणि साडीवर तिच्यात कधीही नसलेले इंद्रधनुषी पट्टे तरंगू लागतात.

बेयरच्या जाळीतून आलेली ही कच्ची नोंद जशीच्या तशी जपून ठेवणाऱ्या फाईलला ‘रॉ’ म्हणतात. कॅमेऱ्याला मुखत्यारी दिली असेल, तर तो तिच्यावरून आपल्या मतीप्रमाणे जेपेग तयार करतो आणि मूळ दप्तर फेकून देतो. १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक टिंबाच्या उजेडाला १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. जेपेगची हेटाळणी करण्याचा मात्र माझा हेतू नाही. चित्राचे ८ गुणिले ८ टिंबांचे चौकोन पाडून डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळणारी ही पद्धत १९९२ साली प्रमाणभूत ठरली, आणि तिच्या गाभ्याचे गणित बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले होते. आज घरोघरच्या फोनांत साठलेल्या अगणित छायाचित्रांवर या तिघांचे उपकार आहेत.

मुखत्यार कोठे चुकतो, हे पाहण्यास दिवे घाटाइतके उत्तम स्थळ नाही. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी घाट चढू लागली की वळणावळणावर कॅमेरे सरसावून बसलेल्या हौशी मंडळींचीही एक जत्राच भरते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे मूलतः गृहीत धरून चालतो. त्यामुळे शेकडो शुभ्र धोतरे, सदरे आणि टोप्या चौकटीत दाटल्या की इतका उजेड असणे शक्य नाही, असे ठरवून तो चित्र आवरते घेतो, आणि धोतरे करडी व उन्हात रापलेले चेहरे काळेठिक्कर होऊन बसतात. जाणता छायाचित्रकार अशा वेळी एक्स्पोजर हाताने वाढवतो. पण किती वाढवावे याला मर्यादा आहे, कारण पांढऱ्याचा एकदा कडेलोट झाला की धोतराच्या चुण्या कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. म्हणून तो हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, पाहतो आणि त्याचा डोंगर उजव्या भिंतीला जेमतेम टेकेल इतकाच सरकू देतो. त्यामागचे कारण मोठे मनोरंजक आहे: सेन्सरची नोंद सरळ प्रमाणात चालत असल्यामुळे वरील १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ ‘स्टॉप’च्या, म्हणजे प्रकाश दुप्पट होण्याच्या एका टप्प्याच्या, वाट्याला जातात, आणि खाली प्रत्येक स्टॉपगणिक त्या निम्म्या होत जातात. अंधाऱ्या बाजूस तपशील दरिद्री असतो. तो नंतर ओढून वर काढू पाहिला की चेहऱ्यावर रवाळ गोंगाट उमटतो.

संगणकावरील साधनांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांतील बरीचशी जुन्या डार्करूममधूनच आलेली आहेत. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. पण त्यातील भाग उजळण्याची आणि गडद करण्याची हत्यारे म्हणजे एन्लार्जरखाली हात किंवा पुठ्ठा धरून प्रकाश अडवण्याची कसबी मंडळींची रीतच होय, आणि मूळ चित्राच्या जोडीला त्याचीच एक धूसर प्रत वापरून कडा ठसठशीत करण्याची युक्तीही फिल्मच्या काळातली आहे. दरमहा वर्गणी भरण्याची ज्यांची तयारी नसेल त्यांना गिम्प आणि डार्कटेबल ही साधने विनामूल्य मिळतात, आणि हौशी माणसाच्या गरजेस ती पुरून उरतात.

हात बसवण्यासाठी घरातील जुने छायाचित्र दुरुस्त करण्याइतके चांगले काम नाही. आमच्या पणजोबांचे एक फोटो-स्टुडिओत काढलेले चित्र बुरशीने आणि पिवळ्या डागांनी ग्रासले होते. चित्र कृष्णधवल असले तरी ते रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावे, असा जाणकारांचा संकेत आहे, आणि तो सार्थ आहे. कारण लाल, हिरवा आणि निळा हे तीन थर स्वतंत्रपणे पाहिले असता पिवळा डाग निळ्या थरात काजळासारखा उठून दिसतो आणि लाल थरात बव्हंशी विरून जातो, तर चांदीने घडलेला मूळ काळा ठिपका तिन्ही थरांत सारखाच काळा राहतो. या कसोटीने कपाळावरचे, पगडीवरचे आणि खांद्यावरचे डाग निःसंशय उपरे ठरले व काढून टाकले गेले. घोटाळा उपस्थित झाला तो हनुवटीवरच्या ठिपक्याने: लाल थरात तो फिका झाला, पण नाहीसा झाला नाही. थोरल्या आत्याचे म्हणणे असे की, पणजोबांना तेथे तीळ होता, आणि तिला तो तिच्या आजीने सांगितलेला आहे; धाकटीच्या मते घराण्यात कोणालाच कधी तीळ नव्हता आणि ही निव्वळ बुरशी आहे. मूळ स्कॅनला हात न लावता प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करण्याचा परिपाठ ठेवल्यामुळे हनुवटीचा लेयर एका खुणेसरशी झाकता वा उघडता येत होता. सबब दोन प्रती छापल्या, आणि आज थोरलीच्या दिवाणखान्यातील पणजोबांना तीळ आहे, धाकटीकडच्या पणजोबांना नाही.