विरळ हवा, जड गाडी आणि गटाची घाई

मे महिना लागला की दवाखान्यात धडधाकट तरुणांची ये-जा वाढते. ताप नाही, खोकला नाही. हवा असतो तो फक्त 'तंदुरुस्त आहे' असा दाखला. सात-आठ जणांचा गट, मोटारसायकली आणि मनाली ते लेह असा बेत. कुणी नवी हिमालयन घेतलेली असते, कुणाकडे एक्सपल्स, कुणी वडिलांच्या बुलेटचे इंजिन बांधून घेतलेले. क्लचची जादा वायर, पंक्चरचे सामान, चेनला मारायचे तेल, सगळी यादी तोंडपाठ. फुफ्फुसांच्या तयारीचे काय, असे विचारले की हसतात. "डॉक्टर, आम्ही दर रविवारी गड चढतो!"

वाचकहो, गड चढण्याचा दम ही फार चांगली गोष्ट आहे. पण विरळ हवेशी तिचा फारसा संबंध नाही. आपले कळसूबाई शिखर ५,४०० फूट. लेह शहर सुमारे ११,५०० फुटांवर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेह वरच राहील. त्याच वाटेवरची तांगलांग ला ही खिंड १७,४८० फुटांची. तेथेही हवेत प्राणवायू एकवीस टक्केच असतो; पण हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासातला प्राणवायूही त्याच मानाने घटतो.

याला गाडीचाच दाखला सोपा. २०२२ च्या जूनअखेर, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी एका गटाबरोबर हा रस्ता केला. गाड्या नऊ : चार हिमालयन, तीन एक्सपल्स आणि दोन बुलेट. त्यातली एक बुलेट जुनी, कार्ब्युरेटरची. बारा हजार फुटांनंतर ती धापा टाकू लागली. हवा विरळ, पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच. मिश्रण दाट होऊन धूर काळा येई, प्लगवर काजळी धरे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल आपोआप कमी करतात, म्हणून त्या अडखळत नव्हत्या. पण ताकद त्यांचीही उतरलीच. शरीरही असाच मेळ घालते. श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातले क्षार बदलतात, पुढे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. फरक एवढाच, की यंत्र हे काम क्षणात करते. शरीराला काही दिवस लागतात.

ते दिवस न देता वर गेलेल्या माणसाला पहिला निरोप मिळतो तो डोकेदुखीचा. जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, थकवा, झोप न लागणे. आठ हजार फुटांच्या वर नव्याने गेलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते विरळ हवेचेच दुखणे समजावे. ऊन लागले, हेल्मेट घट्ट होते, पित्त झाले, या सबबी मागाहून.

तरुण आणि कसलेल्यांना हे होत नाही, हा समज आपल्याच जवानांच्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरच्या जवानांना घाईने उंच सीमेवर न्यावे लागले. त्यातून आजारी पडलेल्या १,९२५ जवानांवरची निरीक्षणे भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केली. जगभरच्या डॉक्टरांनी त्यातून धडा घेतला; आमचे मोटारसायकलवाले अजून घ्यायचे आहेत.

आम्ही श्रीनगरकडून गेलो होतो. त्या बाजूने चढ बेताबेताने आहे. कारगिल ८,८०० फुटांच्या आसपास, तेथे मुक्काम होतो. मग लेहला तीन रात्री काढल्या. परतताना सारचूला तंबूत थांबलो, तेव्हा शेजारच्या तंबूतून मराठी ऐकू आले. तो गट मनालीहून त्याच दिवशी आला होता. मनाली ६,७०० फूट, सारचू सुमारे १४,००० फूट. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो, ४६ किलोमीटर वाचतात आणि एका दिवसात सारचू गाठण्याचा मोह वाढतो. रस्ता सोपा झाला, शरीर तेच राहिले.

त्यांच्यातला एक सव्वीस वर्षांचा मुलगा, व्यायामशाळेत कमावलेला. दुपारी वितळत्या बर्फाचा ओढा भरून आला होता, त्यात पडलेल्या तीन गाड्या यानेच उचलल्या होत्या. हिमालयनचे वजन दोनशे किलोच्या जवळपास, एक्सपल्सचे त्याहून चाळीसेक किलो कमी. (खडबडीत रस्त्यावर नवख्याने हलकीच गाडी घ्यावी, असे मी सांगतो आणि तरुण मंडळी रुसतात.) रात्री त्याचे डोके ठणकत होते, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून तो बोलला नाही. "ॲसिडिटी आहे काका, झोपलो की बरं वाटेल," एवढेच म्हणाला. पहाटे दोनदा उलटी झाली. मी त्याला जमिनीवरच्या रेघेवर टाचेला बोटे लावत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो तिरका गेला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण.

त्यांचा म्होरक्या म्हणाला, "दादा, लेहला मोठं हॉस्पिटल आहे, तिकडेच नेतो." हेतू चांगला होता, पण लेहच्या वाटेवर सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी आहेत. सारचूची खुबी अशी, की मागे वळले तरी सोळा हजार फुटांची बारालाचा ला ओलांडावीच लागते. मात्र ती एकच, आणि पलीकडे रस्ता जिस्पा-केलाँगपर्यंत, साडेदहा हजार फुटांपर्यंत, उतरतच जातो. मी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिले, तंबूवाल्याकडचा प्राणवायूचा सिलिंडर त्यांच्या सामानाच्या जीपमध्ये चढवला आणि मुलाला मागच्या बाकावर बसवून खाली नेले. त्याची गाडी दुसऱ्याने आणली. दुपारी केलाँगला त्याने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या मित्राला रडू आवरेना.

या आजाराचे खरे औषध खाली उतरणे हेच. साधी डोकेदुखी असेल तर आहे तेथेच थांबावे, आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. फुफ्फुसांत पाणी होणे हा याचाच दुसरा भाऊ. तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. आधी कोरडा खोकला, मग गुलाबी फेस.

बेत आखतानाच दहा हजार फुटांच्या वर रोज मुक्कामाची उंची साधारण सोळाशे फुटांहून अधिक वाढू देऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा ठेवावा. मनालीकडूनच जायचे तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढाव्यात. ओढे सकाळी लवकर ओलांडावेत, तेव्हा पाणी कमी असते. पहिल्या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. डायमॉक्सच्या गोळीने शरीर लवकर रुळते. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावी. बोटांना मुंग्या आल्या, लघवी वाढली तर घाबरू नये. कापराची पुरचुंडी हुंगून नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. छोटे प्राणवायूचे डबेही काही मिनिटांचेच सोबती.

विदर्भ-खानदेशातील वाचकांसाठी आणखी एक. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी या उंचीवर जाऊच नये. नुसते 'वाहक' असलेल्यांनाही एरवी काही त्रास नसतो, पण उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र कळा येऊ शकतात. रक्ताची ही तपासणी सरकारी रुग्णालयात होते. गाडीला सामान बांधण्याआधी ती करून घ्यावी.