ब्रेन मॅपिंग खोटं पकडत नाही

बीड जिल्ह्यात अलीकडे गुन्हा आणि राजकारण यांचा विषय एकत्र निघाला, की दोन शब्द हटकून येतात : नार्को आणि ब्रेन मॅपिंग. नोव्हेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी आपल्या घातपाताचा कट रचल्याचा आरोप परळीचे आमदार धनंजय मुंडे यांच्यावर केला. मुंडे यांनी तो फेटाळला. पुढचे काही दिवस ‘माझी नार्को करा, त्यांचीही करा’ अशी आव्हानं दोन्हीकडून होत राहिली. त्या आरोपात तथ्य काय, हा तपास यंत्रणेचा प्रश्न आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. माणसाला खुर्चीत बसवलं, डोक्याला तारा लावल्या की सत्य कागदावर छापून येतं, हा जो विश्वास अशा आव्हानांमागे असतो, तो कितपत खरा?

गैरसमज : नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग म्हणजे एकाच चाचणीची तीन नावं.

नाही. नार्कोमध्ये सोडियम पेंटोथालसारखं औषध शिरेतून देतात आणि अर्धवट गुंगीतल्या माणसाला बोलतं करतात. त्यासाठी भूलतज्ज्ञ आणि रुग्णालय लागतं. बाकीच्या दोन चाचण्यांत औषध नसतं. लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ, शरीराकडे बघतो आणि ब्रेन मॅपिंग मेंदूतल्या विजेकडे. ‘मॅपिंग’ या नावाने उगाच भारदस्तपणा आला आहे. नकाशा वगैरे काही निघत नाही. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टर जी ईईजी काढायला सांगतात, तीच मूळ पद्धत. फरक इतकाच, की आलेख काढताना माणसाला ठरवून काही दाखवलं किंवा ऐकवलं जातं.

गैरसमज : लाय डिटेक्टरला खोटं कळतं.

त्याला श्वास कळतो, नाडी आणि रक्तदाब कळतो, तळहाताला सुटणारा घाम कळतो. ‘खोटं’ नावाची कुठलीही खूण शरीरात नाही. अमेरिकेत बर्कली शहराच्या पोलिस खात्यात जॉन लार्सन यांनी १९२१ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं. त्याआधी विल्यम मार्स्टन यांनी रक्तदाब आणि खोटेपणा यांचा संबंध जोडला होता. हेच मार्स्टन पुढे ‘वंडर वूमन’ या चित्रकथेचे जनक झाले. त्यांच्या नायिकेच्या हातात सत्य वदवून घेणारा दोर आहे, हे कळल्यावर पॉलिग्राफच्या मूळ कल्पनेबद्दल वेगळं बोलायची गरज उरत नाही.

नेहमीच्या पॉलिग्राफमध्ये थेट प्रश्न असतो : ‘तू मारलंस का?’ त्याच्या जोडीला दुसरा, कुणालाही अवघडल्यासारखं होईल असा : ‘आयुष्यात कधी कुणाला फसवलंयस का?’ गुन्हेगार पहिल्याला जास्त घाबरेल आणि निर्दोष दुसऱ्याला, असं गृहीत धरलेलं असतं. पण कधी पोलिस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस खुनाच्या प्रश्नाने दचकणारच. सराईत माणूस दोन्ही प्रश्नांना सारखाच थंड राहू शकतो. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारे सीआयएचे अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही पॉलिग्राफ चाचण्या पार करून कामावर राहिले आणि १९९४ मध्ये वेगळ्याच पुराव्यांवरून पकडले गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात एक हिशेब मांडला आहे. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत आणि त्यांतले ८० टक्के हाती लागावेत असा चाचणीचा काटा लावला, तर १,६०६ जण संशयित ठरतील. त्यांतले हेर आठ, उरलेले १,५९८ निर्दोष. आणि दोन हेर तरीही सुटलेलेच.

गैरसमज : ब्रेन मॅपिंग म्हणजे सुधारित लाय डिटेक्टर.

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. मेंदूची चाचणी खोटं शोधतच नाही. ती ओळख शोधते.

सॅम्युएल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६५ मध्ये दिसलं, की अनपेक्षित, अर्थपूर्ण असं काही समोर आलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत एक धन विद्युतलहर उठते. तिला पी-३०० म्हणतात. ती इतकी बारीक असते, की व्होल्टच्या दशलक्षांशात मोजावी लागते. म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून सरासरी काढतात.

समजा, अंबाजोगाईत घरफोडी झाली आणि दागिन्यांत वज्रटीक गेली. हे फक्त घरच्यांना, पोलिसांना आणि चोराला माहीत आहे. संशयितासमोर पडद्यावर एकेक नाव येतं : मोहनमाळ, बोरमाळ, वज्रटीक, ठुशी, चपलाहार. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला पाचही सारखेच. ज्याने ती वज्रटीक हातात घेतली आहे, त्याचा मेंदू त्या नावापाशी पी-३०० मोठी उठवतो. तो तोंडाने काय बोलतो, बोलतो की नाही, याने फरक पडत नाही. निर्दोष माणसाची लहर योगायोगाने वज्रटीकेलाच सगळ्यात मोठी येण्याची शक्यता पाचात एक. घरात कुठून शिरले, कुलूप कशाने तोडलं, डबा कुठे होता, असे सहा स्वतंत्र प्रश्न विचारले आणि सहाही वेळा खऱ्या उत्तरालाच लहर मोठी आली, तर निव्वळ योगायोगाची शक्यता १५,६२५ मध्ये एक उरते. पॉलिग्राफच्या थेट प्रश्नाकडे असलं गणित नाही.

ही प्रश्नपद्धत मात्र मेंदूच्या यंत्राबरोबर आलेली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी ती १९५९ मध्ये मांडली आणि तेव्हा त्यांनी मोजला तो बोटांचा घाम. जपानचे पोलिस आजही छाती, नाडी आणि घाम मोजणाऱ्या पॉलिग्राफवरच अशी चाचणी वर्षाला सुमारे पाच हजार वेळा घेतात. तेव्हा ‘पॉलिग्राफ बरा की ब्रेन मॅपिंग?’ ही तुलनाच अर्धवट आहे. यंत्र कोणतं, यापेक्षा प्रश्न कोणता, याला जास्त वजन आहे. ‘तू चोरी केलीस का?’ हा प्रश्न लाखो रुपयांच्या ईईजी यंत्रावर विचारला तरी तो कच्चाच राहील.

आता वज्रटीकेच्या उदाहरणातली फट बघा. संशयिताने चोरी केलेली नाही, पण मागच्याच आठवड्यात बायकोची बोरमाळ सावकाराकडे गहाण टाकली आहे. त्याची लहर बोरमाळेपाशी उसळेल आणि चाचणीचा हिशेब विस्कटेल. ज्या सोनाराकडे माल आला, त्याचीही वज्रटीकेला उसळेल. चोराच्या भावाने रात्री घरात कुजबुज ऐकली असेल, तर त्याचीही. उलट, चोर दारूच्या नशेत असेल आणि अंधारात डबाच उचलून पळाला असेल, तर आत काय होतं हे त्याच्या मेंदूत नोंदलंच गेलेलं नसेल. चाचणी त्याला साळसूद ठरवेल.

गैरसमज : तोंड खोटं बोलेल, मेंदू बोलत नाही.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले पीटर रोझेनफेल्ड पी-३०० चाचणीच्या आद्य संशोधकांपैकी. आपल्याच शास्त्राची पडताळणी त्यांनी निर्दयपणे केली. लुटुपुटीचा गुन्हा करायला लावलेल्या लोकांना त्यांनी एक युक्ती शिकवली : बिनमहत्त्वाचे शब्द आले, की मनातल्या मनात काहीतरी ठरलेली कृती करायची, बोट हळूच दाबायचं, बुटातला अंगठा हलवायचा. त्यामुळे ते शब्दही मेंदूला ‘अर्थपूर्ण’ झाले आणि खऱ्या शब्दाचं वेगळेपण पुसलं गेलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातल्या एका पद्धतीत ‘दोषी’ पकडले जाण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. पुढे त्यांनीच ही युक्ती चालू नये म्हणून २००८ मध्ये नवी पद्धत काढली. चोर-पोलिसाचा हा खेळ चालूच आहे.

गैरसमज : एखादी गोष्ट मेंदूत सापडली म्हणजे माणसाने ती केलीच.

महाराष्ट्राने हा प्रश्न न्यायालयात, जगाच्या डोळ्यांसमोर अनुभवला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी एका एमबीएच्या विद्यार्थिनीला आणि तिच्या साथीदाराला खुनाबद्दल जन्मठेप दिली. प्रसादातून आर्सेनिक देऊन पूर्वीच्या वाग्दत्त वराला मारल्याचा आरोप होता. पुराव्यांत इतर गोष्टींबरोबर मेंदूच्या चाचणीचा अहवालही होता आणि निकालपत्रात त्याला महत्त्व मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर मोठी बातमी केली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तोंडात बोट घातलं, कौतुकाने नव्हे.

ती चाचणी पी-३०० ची नव्हती. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले चंपाडी रामन मुकुंदन यांनी बनवलेली ‘बीईओएस’ ही पद्धत होती. यात डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोडांची टोपी घालतात, डोळे मिटायला सांगतात आणि प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवतात : मी अमुक विकत घेतलं, मी तमुक ठिकाणी गेले. उत्तर द्यायचं नसतं. वाक्य ऐकताना मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ जागी झाली, की फक्त ‘ऐकीव माहिती’, हे आपली संगणकप्रणाली वेगळं करते, असा मुकुंदन यांचा दावा आहे.

दावा साधा नाही. पी-३०० वाले फक्त ‘याला हे ओळखीचं आहे’ इतकंच म्हणतात. इथे ‘याने हे स्वतः केलं आहे’ असं म्हटलं जातं. पोलिस कोठडीत ज्याला हेच वाक्य आठवडाभर रोज ऐकवलं गेलं, ज्याने ते दृश्य नाइलाजाने शंभरदा डोळ्यांसमोर आणलं, त्याच्या मेंदूतली कल्पना आणि आठवण वेगळी कशी करायची? एवढ्या मोठ्या दाव्याला जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासलेला आधार हवा होता. तो नव्हता. निम्हान्सचेच संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये ही पद्धत अशास्त्रीय ठरवली आणि न्यायालयात पुरावा म्हणून ती वापरू नये असं सांगितलं. पुण्याच्या खटल्यातल्या दोघांची शिक्षा पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्थगित करून त्यांना जामीन दिला.

गैरसमज : चाचणीला नाही म्हणणारा दोषी, आणि चाचणीचा निकाल म्हणजे पुरावा.

तेलगी बनावट मुद्रांक प्रकरणात आरोपींनी या चाचण्यांना विरोध केला, तेव्हा २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चाचण्यांना परवानगी दिली होती. पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचणीत माणूस काही ‘निवेदन’ करतच नाही, मग स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा प्रश्न येतो कुठे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात तो मोडीत काढला. तोंड बंद असलं तरी डोक्यातली माहिती बाहेर काढली जात असेल, तर ती साक्षच आहे. घटनेच्या कलम २०(३) आणि २१ प्रमाणे संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ वा ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही करता येत नाही. संमतीही ठाण्यात कागदावर अंगठा घेऊन चालत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वकिलाचा सल्ला मिळायला हवा आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायला हवी.

संमती दिली तरी निकाल हा पुरावा होत नाही. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीच्या मदतीने नंतर एखादी वस्तू सापडली, तर तेवढी ग्राह्य धरता येते. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. जून २०२५ मध्ये ‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ प्रकरणात न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी हेच पुन्हा बजावलं. सगळ्या आरोपींची नार्को करू, हे पोलिसांचं म्हणणं पाटणा उच्च न्यायालयाने मान्य केलं होतं, ते त्यांनी रद्द केलं. आरोपीने स्वतःहून मागितली, तरी अशी चाचणी हा त्याचा बिनशर्त हक्क नाही, असंही त्यांनी सांगितलं. पत्रकार परिषदेत ‘माझी नार्को करा’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांसाठी हा भाग मोठ्या अक्षरांत छापायला हरकत नाही.

गैरसमज : जितका गाजलेला गुन्हा, तितकी ब्रेन मॅपिंगची गरज जास्त.

उलट आहे. ही चाचणी एकाच गोष्टीवर उभी असते : तपशील गुप्त राहिला पाहिजे. जपानमध्ये पोलिस प्रयोगशाळेचा तज्ज्ञ तपासाच्या सुरुवातीलाच हे काम करतो आणि बाहेर न फुटलेले तपशील निवडून प्रश्न बनवतो. आपल्याकडे ब्रेन मॅपिंगची मागणी होते तीच मुळी प्रकरण गाजल्यावर, म्हणजे जप्त हत्यार टीव्हीवर दाखवून झाल्यावर आणि रिमांडचा अर्ज मोबाइलवर फिरल्यावर.

केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला. तिथे कुणाची मेंदूची चाचणी झाली असं मी म्हणत नाही. पण मार्च २०२५ च्या सुरुवातीला दोषारोपपत्रातली छायाचित्रं बाहेर आली आणि एका दिवसात परळीपासून पुण्यापर्यंत प्रत्येक हातातल्या पडद्यावर पोहोचली. वस्तू, जागा, माणसं, क्रम, सगळं लोकांनी पाहिलं. त्या तपशिलांवर बेतलेली ओळख-चाचणी त्यानंतर आष्टीतल्या एखाद्या शिक्षकाची घेतली असती, तरी त्याच्या मेंदूने प्रत्येक चित्रापाशी लहर उठवली असती. मोठीच उठवली असती, कारण ती चित्रं पाहून तो दोन रात्री झोपला नसेल.