हे कोणासाठी? : सुमित्रा भावे यांची पहिली दहा वर्षे

स्वतंत्र चित्रपटकार म्हटले की अमेरिकेचा जॉन कॅसाव्हेट्स हमखास आठवतो. 1957 साली रेडिओवरून श्रोत्यांपुढे झोळी पसरून त्याने 'शॅडोज'साठी पैसे जमवले. निर्मात्याच्या तिजोरीवाचून चित्रपट करणे, हा त्याच्या स्वातंत्र्याचा अर्थ. मराठीत सुमित्रा भावे यांच्या सुरुवातीच्या वाटचालीत या शब्दाला आणखी एक अर्थ येतो.

1943 साली पुण्यात जन्मलेल्या भावे यांनी चित्रपटाचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. त्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकल्या आणि पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवू लागल्या. 'स्त्रीवाणी' प्रकल्पात त्यांनी झोपडपट्टीतल्या बायकांची आयुष्ये त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांपैकी आठ दलित स्त्रियांच्या कहाण्या 1988 साली इंग्रजीत पुस्तकरूपानेही आल्या. पण एक अडचण उरतच होती. जिची कहाणी, तिलाच अक्षर वाचता येत नसेल, तर संशोधन पोचले कोणाला?

या अडचणीतून 1985 साली 'बाई' हा लघुपट जन्मला. भावे तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने पडदा हा अहवाल ज्याचा त्याला परत करण्याचा मार्ग होता. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे सहायक असलेले सुनील सुकथनकर नंतर त्यांचे सहदिग्दर्शक झाले. 1987 साली गावातल्या बायकांच्या पाणीप्रश्नावरचा 'पाणी' आला.

या दशकाचे फळ म्हणजे 1995 चा 'दोघी'. हलाखीत सापडलेले कुटुंब थोरल्या गौरीला मुंबईला धाडते. तिच्या देहविक्रीच्या पैशांवर घर चालते. मात्र ती परतते तेव्हा त्याच घराला ती नकोशी होते. पैसा चालतो, मुलगी चालत नाही. गावाच्या इभ्रतीमागचा हा व्यवहार दाखवताना आईलाही निव्वळ खलनायिका न करणे, ही ऐकण्याची सवय लागलेल्या संशोधिकेची नजर होय.

आमच्या उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता हातातल्या फोनवर लघुपट होऊ शकतो. कॅमेऱ्याची अडचण फारशी उरलेली नाही. भावे यांचा पहिला प्रश्न मात्र उरला आहे: हे कोणासाठी? पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईवर चित्रपट काढला, तर तो आधी तिच्या अंगणात दाखवण्याची आपली तयारी आहे का?