कामगाराचे दुखणे आणि मालकांची मोट



शिरूर आणि दौंड हे तालुके ऊस, ज्वारी आणि घोड-भीमेचे पाणी यांसाठी ओळखले जात. आज पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची. रांजणगावला यंत्रे, मोटारी, घरगुती उपकरणे बनतात. कुरकुंभला मुख्यतः रसायने. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुले कारेगावच्या खोल्यांतून तिघे-चौघे मिळून राहतात. पगाराविषयी आम्ही कामगार चळवळीतली माणसे पुष्कळ बोलतो. पण घरातले एखादे माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे चार वर्षांची पगारवाढ चार दिवसांत दवाखान्यात जाते. ते दुखणे परवडावे कसे, हा आजचा विषय आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. समजा, पंचवीस कामगारांचे एक लहान वर्कशॉप आहे. मालक भला आहे. त्याने सर्वांचा आरोग्य विमा उतरवला. पहिल्या वर्षी हप्ता दोन लाख रुपये पडला. त्याच वर्षी एकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि चार लाख खर्च आला. दुसऱ्या वर्षी विमा कंपनी हप्ता वाढवून मागते. मालक कुरकुरतो, विम्याची रक्कम कमी करतो, किंवा पन्नाशीच्या कामगाराला कामावर घेताना विचारात पडतो. म्हणजे एकाच्या दुखण्याची शिक्षा पंचविसांना झाली. तेच पाच हजार कामगार एका खात्यात असते, तर ती शस्त्रक्रिया माणशी ऐंशी रुपयांत भागली असती. दुखणे कोणाला येईल हे सांगता येत नाही; पण पाच हजारांत साधारण कितींना येईल याचा अंदाज बांधता येतो. विम्याचे सारे शास्त्र एवढ्यावर उभे आहे. एक काठी मोडते, मोळी मोडत नाही.

मोळीचा दुसरा उपयोग भावाचा. एकटा रोगी दवाखान्यात जातो तेव्हा भाव करायची त्याची ताकद नसते. जीव टांगणीला लागलेला माणूस घासाघीस करीत नाही. पाच हजार घरांचे गिऱ्हाईक घेऊन कोणी गेला तर तो म्हणू शकतो, "बाळंतपणाचा दर हा, मोडलेल्या हाडाचा हा, आणि विनाकारण शस्त्रक्रिया केलीत तर आमची माणसे येणार नाहीत." स्वस्ताई आणि चांगुलपणा ही दोन्ही त्याला मागता येतात.

मालकांनी अशी मोट बांधावी ही कल्पना परदेशातली म्हणून नवी वाटेल. अमेरिकेत ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन चेस या तीन बलाढ्य कंपन्यांनी 2018 साली असा संयुक्त उपक्रम जाहीर केला. तिघींचे मिळून दहा लाखांहून अधिक नोकर. तरीही 2021 साली तो गुंडाळावा लागला. त्याचे एक कारण आपल्या उपयोगाचे आहे. ते नोकर देशभर विखुरलेले होते. एकेका गावात त्यांची संख्या थोडी, म्हणून तिथल्या रुग्णालयाला त्यांची पर्वा नव्हती. देशभर पसरलेल्या लाखापेक्षा एका गावातले दहा हजार भारी पडतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कामगार एकवटलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आपल्याकडे ही मोट कायद्याने फार पूर्वीच बांधली आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 साली कायदा झाला. पण असा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात पडला की तो बाईला कामावर घ्यायलाच टाळाटाळ करतो. म्हणून सर्व मालकांनी एका थैलीत भर घालावी हा विचार पुढे आला. जर्मनीत बिस्मार्कने 1883 साली आजारपणाच्या विम्याचा कायदा केला होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

या योजनेला कामगार 'ईएसआय' म्हणतात. जुलै 2019 पासून मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. वीस हजार पगार असेल तर मालकाचे 650 आणि कामगाराचे 150, मिळून महिना 800 रुपये. त्यात कामगारावर व त्याच्या कुटुंबावर उपचार होतात. आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते आणि बाळंतपणाला 26 आठवडे पगार मिळतो. खासगी विमा म्हाताऱ्याकडून जास्त घेतो, रोग्याला टाळतो. इथे हप्ता पगारावर ठरतो, प्रकृतीवर नाही. जो जास्त मिळवतो तो जास्त भरतो. ज्याला गरज तो घेतो.

मग तक्रार कशाची? पहिली अंतराची. शिरूरपासून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर. दौंडहून त्याहून थोडे अधिक. योजनेची मोठी रुग्णालये बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तापलेले मूल घेऊन तिथे जायचे म्हणजे एक खाडा ठरलेला. वर्गणी दरमहा कापली जाते आणि दवाखाना दिवसाच्या वाटेवर, अशा वेळी कामगार नाइलाजाने जवळच्या खासगी डॉक्टरला रोख पैसे मोजतो.

दुसरी तक्रार नोंदणीची. कंत्राटदाराकडे वर्षभर राबलेल्या पोराची बोटे प्रेसमध्ये सापडतात आणि त्याच संध्याकाळी त्याच्या नोंदणीची धावपळ सुरू होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट आमच्या चळवळीला जास्त टोचणारी आहे. जानेवारी 2017 पासून योजनेची पगारमर्यादा 21,000 रुपये आहे. आम्ही भांडून दीड हजाराची वाढ मिळवतो, पेढे वाटतो. आणि वीस हजारांचा माणूस साडेएकवीस हजारांवर जातो. सहामाही संपली की त्याचे घर ईएसआयच्या बाहेर पडते. पुढे त्याला मालकाचा गटविमा, तोही रकमेची हद्द असलेला. करार करताना पगाराच्या आकड्याशेजारी औषधपाण्याचा आकडा मांडला नाही, तर वाढ कागदावर राहते.

या वरच्या माणसांसाठीच मालकांनी एकत्र यावे, असे आम्हांला वाटते. वसाहतीतल्या लहानमोठ्या कारखान्यांनी निरनिराळे विमे घेण्याऐवजी एकच गट करावा, शिरूर-दौंडच्या रुग्णालयांशी एकच दरपत्रक ठरवावे. आणि ईएसआयमध्ये असलेल्यांसाठी, जवळच्या चांगल्या खासगी रुग्णालयांशी महामंडळाने करार करावा म्हणून मालक आणि संघटना यांनी एका कागदावर सह्या करून मागणी करावी. इथे आमचे आणि मालकांचे हित एक आहे. खाडा झाला तर त्याचेही यंत्र बंद पडते.

मात्र मोट मालकांची असली तरी कासरा एकट्या त्यांच्या हाती नको. केवळ मालकांनी खरेदी केली तर ते स्वस्त तेवढेच पाहतील. कामगाराच्या रोगाची कागदपत्रे व्यवस्थापकाच्या टेबलावर जातील. आणि नोकरी सुटली की औषधही सुटेल. यावर उतारा महाराष्ट्रानेच काढलेला आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एकाची पोती, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे माथाडी लढले आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांची माणसे बसतात. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह, रजा, औषधोपचार अशा सोयी होतात. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. कंत्राटी कामगाराची अवस्था त्या हमालाहून वेगळी नाही. त्याला कंत्राटदार दर सहा महिन्यांनी नवा मिळतो. म्हणून त्याचा हक्क कंत्राटदाराशी नव्हे, वसाहतीच्या सामाईक खात्याशी बांधला पाहिजे.

तेव्हा मागणी तीन ओळींची आहे. वसाहतीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक कामगाराची पहिल्या दिवशी नोंदणी व्हावी. खरेदी एकत्र व्हावी, आणि तिच्या समितीवर निम्मे लोक कामगारांचे असावेत. दर आणि तक्रारी फलकावर लागाव्यात, म्हणजे कोणता दवाखाना कसा वागतो ते सर्वांना कळेल. हे काही दान नव्हे. मालकाचे साडेसहाशे आणि कामगाराचे दीडशे दरमहा आजही जमा होत आहेत. त्या आठशे रुपयांचे औषध कारेगावात आणि कुरकुंभात मिळाले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.