एल्टन : डूम्सडे बुकातील एक गाव

इंग्लंडमधील नेन नदीकाठचे एल्टन हे गाव अकराव्या शतकात रॅमझी येथील बेनेडिक्टाइन मठाच्या मालकीचे होते. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यमने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरच्या दरबारात देशभरच्या जमिनींची पाहणी करण्याचे ठरवले. १०८६ मध्ये झालेल्या या पाहणीचे दफ्तर पुढे डूम्सडे बुक म्हणून ओळखले गेले आणि त्यात हंटिंग्डन परगण्याखाली एल्टनची मोजक्या ओळींची नोंद झाली.

या नोंदीनुसार गावावर १० हाइडांची आकारणी होती. हाइड म्हणजे ढोबळमानाने १२० एकर. मात्र ते क्षेत्र मोजण्यापेक्षा कर बसवण्याचे परिमाण होते. या हाइडांबाहेर धरलेल्या मठाच्या खासगी शेतीत ४ औते चालत, तर २८ भूबद्ध कुळांकडे, म्हणजे आपली जमीन कसण्याच्या मोबदल्यात मालकाच्या शेतावर राबणे ज्यांना बंधनकारक होते अशा शेतकऱ्यांकडे, २० औते होती. त्याखेरीज एक चर्च, एक धर्मगुरू, दोन पाणचक्क्या आणि १७० एकर कुरण यांचा उल्लेख आहे.

हे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की गावाचा व्यवहार उलगडतो. औताला आठ बैल या रूढ हिशेबाने कुळांच्या वाट्याला १६० बैल, म्हणजे घरटी सरासरी सहाहूनही कमी बैल येतात. त्यामुळे अनेकांना सावड करूनच नांगरणी उरकावी लागत असणार. मठाची औते धरून होणाऱ्या १९२ बैलांना हिवाळाभर वैरण हवी, ती कुरणातले गवत कापून, वाळवून साठवावी लागे. म्हणूनच पाहणीत कुरणाची स्वतंत्र नोंद आहे. चक्क्यांचे उत्पन्न ४० शिलिंग होते आणि २० शिलिंगांचा एक पौंड होत असल्याने ते गावाच्या १६ पौंड वार्षिक मूल्याच्या एक-अष्टमांशाइतके भरते. नॉर्मन विजयापूर्वी, राजा एडवर्डच्या काळात, हेच मूल्य १४ पौंड होते.

बायकामुले मात्र या हिशेबात नाहीत. घरटी चार-पाच माणसे धरली तर कुळांची वस्ती सव्वाशेच्या आसपास असावी, असा केवळ अंदाज करता येतो. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने करविलेल्या पाहणीत एल्टनच्या कुळांची नावे आणि देणी नोंदली गेली; १०८६ च्या दफ्तराला मात्र कुळाच्या नावाशी कर्तव्य नव्हते, गावातून किती उत्पन्न निघते आणि ते कोणाच्या हाती जाते एवढेच त्याला हवे होते.